सुन बिन: प्राचीन चीनचा रणनीतिकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुन बिन म्हणजे तोच तो सन त्झू का?

नाही. पण हा गोंधळ आजचा नाही. युद्धकलेवरच्या जगप्रसिद्ध ग्रंथाचा कर्ता मानला जातो तो सुन वू. जग त्याला सन त्झू म्हणून ओळखतं, म्हणजे 'सुन गुरुजी'. जुन्या चिनी लेखनात सुन बिनलाही 'सुन गुरुजी'च म्हटलेलं आढळतं. इतिहासकार सिमा च्येन सांगतो, की सुन वू गेल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्याच्याच वंशात सुन बिन झाला. सुन बिनचा ग्रंथ पुढे हरवला. त्यामुळे ही माणसं खरंच दोन होती की एकच, यावर विद्वानांचा वाद पिढ्यान् पिढ्या चालला. तो १९७२ साली मिटला. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तो कुठला, आणि कोणत्या काळातला?

काळ इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाचा. चीन तेव्हा एका छत्राखाली नव्हता. सात मोठी राज्यं आणि काही छोटी संस्थानं एकमेकांच्या उरावर बसलेली होती. या काळाला 'युद्धरत राज्यांचा काळ' म्हणतात. सुन बिनचा जन्म ची राज्यातला, आजच्या शानदोंग प्रांताच्या पश्चिम भागातला. त्याच्या जन्ममृत्यूची वर्षं कोणी नोंदवून ठेवली नाहीत. त्याचं आयुष्य आपण मोजतो ते दोन लढायांवरून: गुईलिंगची लढाई (इ.स.पू. ३५३) आणि मालिंगची लढाई (इ.स.पू. ३४१). मालिंगनंतर पंधरा वर्षांनी झेलमच्या काठी सिकंदर आणि पोरस समोरासमोर आले, एवढं लक्षात ठेवलं की काळाचा अंदाज येतो.

नावांबद्दल एक सूचना. सुन बिनचा शत्रू होता वेई राज्य, आणि तो ज्याच्या पदरी होता त्या ची राज्याच्या राजाचं नावही 'वेई'च. चिनी लिपीत ही दोन वेगळी अक्षरं आहेत, देवनागरीत मात्र सारखीच दिसतात. म्हणून इथे राजाला 'ची-नरेश' म्हटलं आहे आणि 'वेई' हा शब्द फक्त शत्रुराज्यासाठी ठेवला आहे.

'बिन' हे त्याचं खरं नाव होतं का?

नव्हतं. बिन हे एका शिक्षेचं नाव आहे, पाय निकामी करण्याच्या शिक्षेचं. त्याचं जन्मनाव इतिहासात उरलेलंच नाही. ज्या माणसाने त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य राज्याचं सैन्य दोनदा धुळीला मिळवलं, तो दोन हजारांहून अधिक वर्षं आपल्यावर झालेल्या अन्यायाच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्याबद्दल वाचताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

ही शिक्षा त्याला कोणी आणि का दिली?

पांग ज्वान या त्याच्या सहाध्यायाने. दोघांनी एकत्र युद्धशास्त्राचा अभ्यास केला होता. पांग ज्वान पुढे वेई राज्यात गेला आणि तिथल्या हुई राजाचा सेनापती झाला. सुन बिन आपल्यापेक्षा सरस आहे, हे त्याला मनातून ठाऊक होतं. त्याने सुन बिनला गुपचूप बोलावून घेतलं, त्याच्यावर कुभांड रचलं आणि कायद्याच्या आधाराने त्याचे दोन्ही पाय तोडवले, चेहऱ्यावर गुन्हेगाराची खूण गोंदवली. पाय कापले की गुडघ्याच्या वाट्या काढल्या, यावर मतभेद आहेत. सिमा च्येनच्या मजकुरात पाय तोडल्याचा उल्लेख आहे.

गोंदवण्यामागचा हिशेब जास्त क्रूर होता. पाय नसलेला माणूस एक वेळ राजाचा सल्लागार होऊ शकला असता. पण चेहऱ्यावर गुन्ह्याची खूण असलेल्या माणसाने दरबारात तोंड दाखवायचं नसे. सुन बिन जिवंत राहावा, पण कोणाच्या नजरेला पडू नये, अशी ती योजना होती.

मग तो तिथून सुटला कसा?

ची राज्याचा एक दूत वेईच्या राजधानीत, दालियांगला आला होता. दालियांग म्हणजे आजचं कायफेंग. सुन बिनने कैदी असतानाच त्याची चोरून भेट घेतली. त्याचं बोलणं ऐकून दूत थक्क झाला आणि परतताना त्याला आपल्या गाडीत लपवून ची राज्यात घेऊन गेला. तिथे तियान जी या सेनापतीने त्याला सन्मानाने आपल्या घरी ठेवून घेतलं.

दोघांमध्ये काय बोलणं झालं, त्याची नोंद नाही. पण शिक्षा झालेला, गोंदलेला कैदी समोर बसलेला असताना त्याच्या बोलण्यावरून त्याची किंमत ओळखणारा तो दूत मला फार मोठा वाटतो. त्याचं नावही इतिहासाने ठेवलेलं नाही.

घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट काय आहे?

तियान जी राजघराण्यातल्या मंडळींबरोबर मोठमोठ्या पैजा लावून शर्यती खेळत असे. सुन बिनने पाहिलं, की दोन्ही बाजूंकडे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे तीन प्रतींचे घोडे आहेत आणि त्यांच्या वेगात फार फरक नाही. त्याने तियान जीला सांगितलं, "तुम्ही बिनधास्त मोठी पैज लावा." ची-नरेशाशी हजार सुवर्णाची पैज लागली. सुन बिनचा सल्ला असा: त्यांच्या उत्तम घोड्यांसमोर आपले कनिष्ठ सोडा, त्यांच्या मध्यमांसमोर आपले उत्तम, आणि त्यांच्या कनिष्ठांसमोर आपले मध्यम. पहिली शर्यत हरले, पुढच्या दोन जिंकल्या. पैज तियान जीने मारली आणि त्याच निमित्ताने त्याने सुन बिनची राजाशी गाठ घालून दिली.

चित्रांमध्ये इथे घोडेस्वार दाखवतात. मूळ मजकुरात मात्र चार घोड्यांच्या जोडणीसाठीचा शब्द आहे, म्हणजे या शर्यती रथांच्या असाव्यात. चिनी राज्यांपैकी झाओ राज्याने भटक्या टोळ्यांकडून घोडेस्वारी उचलली ती इ.स.पू. ३०७ मध्ये, सुन बिनच्या लढायांनंतर कित्येक वर्षांनी.

गणिताच्या दृष्टीनेही ही गोष्ट पाहण्यासारखी आहे. तीनास तीन घोडे लावण्याच्या एकूण सहा पद्धती होतात. तुमचा प्रत्येक घोडा समोरच्या त्याच प्रतीच्या घोड्यापेक्षा थोडा मंद असेल, तर त्या सहांपैकी फक्त एकच पद्धत तुम्हाला जिंकून देते. ती लागू पडते तीसुद्धा समोरचा आपला क्रम बदलणार नाही याची खात्री असेल तेव्हाच. सुन बिनला ती खात्री होती. राजा उत्तम घोडे आधी सोडणार, कारण राजे तसंच करतात. त्याच्या पुढच्या दोन्ही लढायांचं मूळ इथे दिसतं. समोरचा आपल्याबद्दल आणि स्वतःबद्दल काय धरून चालला आहे, हे तो आधी शोधतो आणि मग डाव टाकतो.

गुईलिंगच्या लढाईत त्याने काय केलं?

इ.स.पू. ३५४ मध्ये वेईने झाओ राज्यावर चढाई केली आणि त्याची राजधानी हानदान हिला वेढा घातला. झाओने ची राज्याकडे मदत मागितली. ची-नरेशाला सुन बिनलाच सेनापती करायचं होतं. सुन बिन म्हणाला, शिक्षा भोगलेल्या माणसाने ते पद घेणं योग्य नाही. मग तियान जी सेनापती झाला आणि सुन बिन त्याचा सल्लागार. तो बंदिस्त गाडीत बसून मोहिमेवर जाई आणि तिथूनच डावपेच आखी.

तियान जीचा विचार सरळ होता: हानदानला जाऊन वेढा फोडायचा. सुन बिनने त्याला थांबवलं. गुंता सोडवायचा तर मूठ आवळून चालत नाही आणि दोघांचं भांडण सोडवायला जाणाऱ्याने स्वतः मारामारीत उतरायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. वेईचं निवडक सैन्य झाओमध्ये अडकलं आहे, घरी म्हातारे-कोतारे उरलेत. मग थेट दालियांगवर चालून जायचं. शत्रू आपोआप वेढा सोडून घराकडे धावेल. तसंच झालं. वेईचं सैन्य दमलेल्या अवस्थेत परत फिरलं आणि गुईलिंगला त्याची दाणादाण उडाली. 'वेईला वेढून झाओ वाचवणे' हा वाक्प्रचार चिनी भाषेत आजही रोजच्या वापरातला आहे.

इथपर्यंतची हकिकत सिमा च्येनची. १९७२ साली सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांमध्ये याच लढाईची दुसरी हकिकत मिळाली, आणि माझ्या मते ती जास्त बोलकी आहे. तिच्यानुसार दोन्ही बाजूंना ८०,००० चिलखती सैनिक होते. सुन बिन तियान जीला म्हणतो, आधी पिंगलिंगवर हल्ला करा. पिंगलिंग हे गाव घ्यायला अवघड, आणि तिथे गेलं तर आपली रसद तुटणार हे उघड होतं. तरीही त्याचा आग्रह कायम, कारण "आपल्याला युद्धातलं काही कळत नाही, असं त्याला दाखवायचं आहे." मग तो विचारतो, आपल्या शहरांच्या अधिकाऱ्यांपैकी ज्यांना यातलं काही समजत नाही असे कोण? तियान जी दोन शहरांची नावं घेतो, चीचंग आणि गावतांग. त्याच दोघांना पिंगलिंगवर पाठवलं जातं आणि त्यांचा पुरता मोड होतो. त्यानंतर हलके रथ दालियांगच्या वेशीपर्यंत पाठवून शत्रूला डिवचलं जातं, मागून येणारं सैन्य विखरून थोडंसं भासवलं जातं. पांग ज्वान जडसामान टाकून रात्रंदिवस दौडत येतो आणि गुईलिंगला पकडला जातो.

हे वाचताना त्या दोन अधिकाऱ्यांचा आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांचा विचार मनातून जात नाही. त्यांना हरण्यासाठीच पाठवलं होतं आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

म्हणजे हानदान वाचलं का?

वाचलं नाही. सिमा च्येनच्याच ग्रंथातल्या इतर प्रकरणांवरून दिसतं, की हानदान इ.स.पू. ३५३ मध्ये पडलं आणि वेईने ते ३५१ मध्ये झाओला परत दिलं. ची राज्याच्या दरबारात आधीच ठरलं होतं, की लगेच धावून जायचं नाही. वेई आणि झाओ दोघंही थकू द्यायचे. मित्राला वाचवण्याची ही कथा सांगताना हा भाग सहसा गाळला जातो.

मालिंग आणि चुलींची युक्ती खरी आहे का?

आधी सिमा च्येनची हकिकत पाहू. वेईने आता हान राज्यावर हल्ला केला. (हे हान राज्य वेगळं आणि नंतरचा हान राजवंश वेगळा.) हानने मदत मागितली. ची राज्याने गुपचूप आश्वासन दिलं. त्या भरवशावर हान पाच लढाया लढलं आणि पाचही हरलं. त्यानंतर ची सैन्य निघालं, पुन्हा थेट दालियांगच्या दिशेने. पांग ज्वान हानमधून मागे फिरला.

सुन बिन तियान जीला म्हणाला, वेईचे लोक स्वतःला शूर समजतात आणि आपल्याला भेकड. त्यांच्या याच समजुतीचा उपयोग करू. शत्रूच्या मुलखात शिरल्यावर पहिल्या दिवशी एक लाख चुली पेटवल्या, दुसऱ्या दिवशी पन्नास हजार, तिसऱ्या दिवशी तीस हजार. तीन दिवस माग काढणारा पांग ज्वान हरखून गेला: "ची सैनिक भित्रे हे मला ठाऊकच होतं, तीन दिवसांत अर्ध्याहून जास्त पळाले!" पायदळ मागे ठेवून, निवडक हलकं दळ घेऊन तो दुप्पट वेगाने निघाला.

मालिंगला वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना अडचणीची जागा. पांग ज्वान संध्याकाळी तिथे पोचेल असा सुन बिनचा अंदाज होता. त्याने एका मोठ्या झाडाची साल काढून पांढऱ्या खोडावर लिहिलं, 'पांग ज्वान या झाडाखाली मरेल'. वाटेच्या दोन्ही बाजूंना दहा हजार क्रॉसबो (कळ दाबून बाण सोडायची आडवी धनुष्यं) दबा धरून ठेवले आणि हुकूम दिला: अंधारात उजेड दिसला की सगळ्यांनी एकदम सोडा. पांग ज्वान आला. झाडावर काहीतरी लिहिलेलं दिसलं म्हणून त्याने मशाल पेटवली. वाचून पुरं व्हायच्या आत बाण सुटले. सगळं संपल्याचं पाहून त्याने स्वतःचा गळा चिरला. त्याचे शेवटचे शब्द असे सांगतात: "त्या पोराचं नाव मीच मोठं केलं!" वेईचा युवराज शेन पकडला गेला.

यातलं खरं किती? लढाई आणि तिचा निकाल पक्का आहे. तत्त्वज्ञ मेन्सियसशी बोलताना खुद्द हुई राजा हळहळतो, की पूर्वेला ची राज्याकडून आपण हरलो आणि त्यात थोरला मुलगा गेला. हा पुरावा सुन बिनच्या कथेपासून अगदी स्वतंत्र आहे.

झाड, मशाल आणि शेवटचे शब्द यांवर मात्र मी भिस्त ठेवणार नाही. पांग ज्वान किती वाजता पोचेल आणि वाट सोडून नेमकं त्या झाडापाशी उजेड करील, इतकं बारीक गणित कोणी बांधू शकत नाही. बाराव्या शतकातल्या हाँग माई या चिनी विद्वानानेही शंका काढली होती, की झपाट्याने चालणाऱ्या सैन्यात रोज संध्याकाळी इतक्या चुली रचायच्या कोणी, आणि पाठलाग करणाऱ्यांनी त्या एकेक करून मोजल्या कशा? आणखी एक अडचण आहे. बांबूच्या पट्ट्यांप्रमाणे पांग ज्वान गुईलिंगलाच पकडला गेला होता. मग मालिंगला तो आला कुठून? मधल्या काळात त्याला सोडून दिलं असेल, असं काही अभ्यासक मानतात.

चुलींच्या युक्तीचं सार मात्र मला विश्वसनीय वाटतं, कारण गुईलिंगच्या हकिकतीतही सुन बिनची तीच विचारपद्धत दिसते. शत्रूला जे मानायला आवडतं, त्याचाच पुरावा तो शत्रूच्या पुढ्यात ठेवतो.

ही युक्ती नंतर कोणी वापरली का?

वापरली, आणि उलटी करून वापरली. सुमारे इ.स. ११५ मध्ये हान साम्राज्याचा अधिकारी यू श्यू याच्यामागे छ्यांग टोळ्यांचं दहा हजारांहून मोठं दळ लागलं होतं. त्याच्याजवळ तीन हजारही माणसं नव्हती. त्याने प्रत्येकाला दोन चुली करायला लावल्या आणि रोज त्या दुप्पट करत नेल्या. कुमक येते आहे असं वाटून छ्यांग बिचकले. सुन बिनने चुली कमी केल्या, तुम्ही वाढवता, हे कसं, असं कोणीतरी विचारलं. सुन बिनला दुबळं दिसायचं होतं, मला बलवान दिसायचं आहे. परिस्थिती वेगळी आहे, असं त्याचं उत्तर. सुन बिन खऱ्या अर्थाने कळलेला माणूस मला हा वाटतो.

त्याचा ग्रंथ सापडला कसा?

हान राजवंशाच्या ग्रंथसूचीत 'ची राज्याच्या सुन गुरुजीं'चा ८९ प्रकरणांचा आणि नकाशांच्या चार गुंडाळ्यांचा ग्रंथ नोंदलेला आहे. सातव्या शतकातल्या सूचीत तो नाही. तोपर्यंत तो नाहीसा झाला होता.

एप्रिल १९७२ मध्ये शानदोंगमधल्या लिन्यी शहरात, यिनच्युएशान टेकडीवर बांधकाम चालू असताना हान काळातली थडगी लागली. पहिल्या थडग्यातून लेखन असलेल्या बांबूच्या ४,९४२ पट्ट्या आणि शिवाय बरेच तुकडे निघाले. त्यांत सुन वूचा ग्रंथही होता आणि सुन बिनचाही, दोन्ही वेगवेगळे. दोन सुन गुरुजी होते हे त्याच दिवशी ठरलं म्हणायला हरकत नाही. हे थडगं इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं आहे, म्हणजे यातला बराच मजकूर सिमा च्येनने लिहायला घेण्याच्या आधीच जमिनीखाली गेलेला होता.

पट्ट्या बांधणाऱ्या दोऱ्या कुजून गेल्या होत्या, पट्ट्या विस्कटलेल्या आणि कित्येक मोडलेल्या. १९७५ मध्ये ३० प्रकरणांची आवृत्ती निघाली. १९८५ मध्ये ती सुधारून १६ प्रकरणांवर आणली गेली, कारण बाकीची सुन बिनचीच आहेत असं खात्रीने म्हणता येईना.

त्या ग्रंथात आहे तरी काय?

बराचसा भाग प्रश्नोत्तरांचा आहे. ची-नरेश विचारतो, तियान जी विचारतो, सुन बिन उत्तर देतो. तियान जी एकदा विचारतो, बक्षीस, शिक्षा, अधिकार, फसवणूक, यांतलं सर्वांत निकडीचं काय? सुन बिन यातलं काहीच मान्य करत नाही. जिथे बचाव नाही तिथेच हल्ला चढवा, हे त्याचं उत्तर.

क्रॉसबोच्या उपमेचा एक उतारा मला विशेष आवडतो: बाण म्हणजे सैनिक, धनुष्य म्हणजे सेनापती, कळ दाबणारा म्हणजे राजा. तिघांपैकी एकाचंही चुकलं तर नेम चुकतो, आणि राजाही त्यातून सुटत नाही. राजाच्या पदरी असलेल्या माणसाने हे लिहिलं आहे, हे लक्षात घ्यायला हवं.

राजाशी पहिल्याच भेटीत तो सांगतो, ज्याला युद्धाची आवड लागते त्याचा नाश होतो आणि जो विजयातून लाभ शोधतो त्याची मानहानी होते. दुसऱ्या एका प्रकरणाच्या शेवटी, बाहेर आल्यावर शिष्यांना तो म्हणतो: राजाने नऊ प्रश्न विचारले, तियान जीने सात, दोघांना युद्ध जवळजवळ कळलं आहे, पण त्यामागचं तत्त्व अजून गवसलेलं नाही, तीन पिढ्यांत ची राज्यावर संकट येईल. आणि खरोखरच तिसऱ्या पिढीत, इ.स.पू. २८४ मध्ये, येन राज्याच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी ची राज्य जवळजवळ संपवलं. भाकीत इतकं नेमकं उतरलं आहे, की हा भाग त्या संकटानंतर शिष्यांनी लिहिला असावा असं अभ्यासक मानतात. मलाही तेच पटतं.

सिमा च्येनने त्याच्याबद्दल इतक्या आपुलकीने का लिहिलं?

त्याच्यावरही शिक्षेने तोच घाला घातला होता. पराभूत होऊन शत्रूला शरण गेलेल्या ली लिंग या सेनापतीची त्याने सम्राटापुढे बाजू घेतली आणि त्याला लिंगच्छेदाची शिक्षा झाली. अशा वेळी अब्रूदार माणसाने जीव द्यावा अशी अपेक्षा असे. हाती घेतलेला इतिहास पुरा व्हावा म्हणून तो जगला. रन आन या मित्राला लिहिलेल्या पत्रात, विटंबना सोसून ग्रंथ रचणाऱ्यांची तो यादी देतो, आणि त्यात सुन बिन आहे. म्हणून मालिंगची त्याची हकिकत वाचताना मी दोन गोष्टी ध्यानात ठेवतो: लिहिणारा माहितगार आहे, आणि आपला नायक जिंकावा असं त्याला मनापासून वाटतं आहे.

मालिंगनंतर काय झालं?

वेई पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. पुढच्याच वर्षी पश्चिमेकडून छिन राज्याने त्याच्यावर झडप घातली, आणि इ.स.पू. ३३४ मध्ये वेई व ची यांच्या अधिपतींनी एकमेकांना 'राजा' म्हणून मान्यता दिली. तियान जीचं प्रधान झोउ जीशी वैर होतं. त्याला ची राज्य सोडून छू राज्यात पळावं लागलं. एका जुन्या ग्रंथाप्रमाणे सुन बिनने त्याला आधीच सुचवलं होतं, की सैन्य हाताशी आहे तोवर राजधानीवर चाल करून झोउ जीला हटव. तियान जीने ते ऐकलं नाही.

त्याने वेडाचं सोंग घेतलं होतं, तो गूढ गुरू ग्वेकूत्झूचा शिष्य होता – हे खरं का?

सिमा च्येनच्या चरित्रात यातलं काहीही नाही. तिथे तो आणि पांग ज्वान एकत्र शिकले एवढंच आहे, गुरूचं नाव नाही. डुकरांच्या गोठ्यात लोळून वेडा असल्याचं भासवण्याचा प्रसंग आणि डोंगरातल्या गुरूची गोष्ट कित्येक शतकांनंतरच्या नाटक-कादंबऱ्यांतून आली आणि तिथून मालिका, चित्रकथा आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत शिरली. त्या गोष्टी जरूर वाचाव्यात, त्या रंजक आहेत. त्याच्या चरित्राचा भाग म्हणून मात्र सांगू नयेत.